चांद्याचा वेढा आणि आतील साक्ष

इ. स. 1818 च्या मे महिन्यात कर्नल अ‍ॅडम्स याच्या हाताखालील इंग्रज फौजेने चांदा शहरास वेढा घातला, आणि त्याच महिन्याच्या 20 तारखेस तटास पाडलेल्या खिंडारातून हल्ला करून ते घेतले. किल्लेदार गंगासिंग या झुंजीत पडला. नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात ही हकीकत बहुधा एका परिच्छेदात आटोपते. सीताबर्डीची लढाई, आप्पासाहेबांची कैद व पलायन, दुसऱ्या बाजीरावाचा पाठलाग या मोठ्या घटनांच्या ओघात चांद्याचे पतन हे एक उपकथानक ठरते. आणि राजकीय इतिहासाच्या दृष्टीने तसे ठरणे अगदीच गैर आहे असेही म्हणता येणार नाही. परंतु साधनांच्या व वाङ्मयाच्या अभ्यासकाने याच घटनेकडे पाहिले म्हणजे निराळा प्रश्न उभा राहतो. या वेढ्याविषयी जे लेखन आज अभ्यासाच्या वापरात आहे ते जवळजवळ सर्व तटाबाहेरच्या माणसांचे, किंवा त्यांच्या कागदांवरून नंतर कोणी रचलेले आहे. ते दिवस तटाच्या आत ज्यांनी काढले, त्यांच्यापैकी एकाचेही सलग कथन त्यात नाही. वेढलेल्या शहराचा इतिहास वेढणाऱ्याच्या लेखणीतून वाचावा लागतो, तेव्हा त्या लेखनाचे मोल कसे ठरवावे आणि जे नाही त्याची भरपाई कोणत्या साधनांनी, किती मर्यादेपर्यंत करता येईल, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम घटनेची पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे इष्ट होईल. चांदा ही गोंड राजांची राजधानी. 1751 मध्ये पहिल्या रघूजीने ते राज्य आपल्या ताब्यात घेतले, व पुढे हा मुलूख भोसल्यांच्या धाकट्या शाखेकडे चालत आला. आप्पासाहेबांचे वडील व्यंकोजी यांच्याकडे चांदा होता; त्यामुळे आप्पासाहेबांच्या दृष्टीने ते केवळ एक ठाणे नसून वडिलार्जित आश्रयस्थान होते. नोव्हेंबर 1817 मधील सीताबर्डीच्या पराभवानंतर, विशेषतः 1818 च्या आरंभी, नागपुरातील रेसिडेंट जेंकिन्स याची दृष्टी चांद्याकडे लागून राहिली ती यामुळेच. बाजीरावही त्याच दिशेने येत होता. 17 एप्रिल 1818 रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे अ‍ॅडम्सने त्याच्या सैन्याची दाणादाण उडविली आणि मग तो चांद्याकडे वळला. 9 मे रोजी त्याची फौज शहरासमोर येऊन उतरली. वेढा चालू असतानाच, 13 मे रोजी, अलाहाबादकडे नेले जात असलेले आप्पासाहेब पहाऱ्यातून निसटले. म्हणजे ज्याच्या नावाने चांद्याची शिबंदी लढत होती तो धनी त्या दिवसांत महादेवाच्या डोंगरांची वाट शोधत होता. ही बातमी तटाच्या आत पोहोचली काय, आणि पोहोचली असल्यास केव्हा, हे ठरविण्यास आतल्या माणसाचाच कागद हवा.

बाहेरच्या लेखनाविषयी अवहेलनेची भाषा योग्य नव्हे. मद्रास फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल व्हॅलेंटाइन ब्लॅकर याचा 1817 ते 1819 च्या मोहिमांवरील ग्रंथ 1821 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. तारखा, पलटणींची नावे, मोर्च्यांच्या जागा यांविषयी तो काळजी घेतो. लढायांचे व वेढ्यांचे नकाशे जोडतो. प्रिन्सेप व विल्सन यांचे ग्रंथ अधिक विस्तृत असून राजकीय कारणपरंपरा त्यांत आली आहे. पुढे एच. एन. सिन्हा यांनी संपादित केलेले नागपूर रेसिडेन्सीच्या कागदांचे खंड 1950 नंतरच्या दशकात छापले गेले, तेव्हा ग्रंथकारांच्या आधी लिहिली गेलेली मूळ पत्रेही अभ्यासकांस उपलब्ध झाली. मराठीत यादव माधव काळे यांनी 1934 च्या ‘नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासा’त या सामग्रीचा परामर्श घेतला. एवढ्या साधनांच्या बळावर वेढ्याची लष्करी रूपरेषा निश्चित करता येते, यात शंका नाही.

तथापि या लेखनाची एक ठरावीक घडण आहे, आणि ती ओळखल्याशिवाय त्याचा उपयोग करणे धोक्याचे आहे. लष्करी वृत्तान्तात शहर म्हणजे तटाचा परीघ, उंची, बुरूज व आतील शिबंदीची संख्या. वेढ्याचा काळ मोजला जातो तो तोफा मांडण्यापासून खिंडार पडेपर्यंत. हल्ला यशस्वी झाला की वृत्तान्तही संपतो. कारण ज्या कामासाठी तो लिहिला ते काम संपलेले असते. शहर मात्र त्या क्षणी संपत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी कोणी भरले, मढी कोठे नेली, बाजार केव्हा उघडला, कोणत्या घराची दारे फुटली, देवळातली पूजा खंडली की चालू राहिली, या गोष्टी वृत्तान्ताच्या चौकटीबाहेरच्या आहेत. लेखकाने त्या लपविल्या असे नव्हे. त्या त्याच्या दृष्टीस पडण्यासारख्याच नव्हत्या. मे महिन्यातील चांद्याचे ऊन इंग्रजी लेखनात येते ते फौजेच्या हालांच्या निमित्ताने. तेच ऊन तटाच्या आतही होते, हे वाचकाला स्वतःच्या मनाशी म्हणावे लागते.

आतली साक्ष म्हणजे नेमके काय, आणि तिने कोणती भर पडते, हे समजण्यासाठी चाळीस वर्षे पुढे जाऊन दुसऱ्या एका वेढ्याकडे पाहिले पाहिजे. मार्च-एप्रिल 1858 मध्ये सर ह्यू रोज याने झाशीस वेढा घातला, त्या वेळी कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावचे एक भिक्षुक, विष्णुभट गोडसे, त्या शहरात अडकले होते. घरच्या कर्जामुळे दक्षिणा मिळविण्याच्या आशेने ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले होते. राज्यक्रांती पाहावी किंवा लिहावी असा त्यांचा काही संकल्प नव्हता. घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. ती ‘माझा प्रवास’ या नावाने 1907 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, वैद्यांनी प्रसिद्ध केली. झाशीच्या वेढ्याची बाहेरची बाजूही लिहिली गेली आहे. रोजच्या फौजेबरोबर असलेला डॉक्टर टॉमस लो याचा ग्रंथ 1860 मध्ये निघाला. एकाच शहराचे एकाच पंधरवड्यातले तटाबाहेरचे व तटाआतले असे दोन वृत्तान्त शेजारी ठेवून वाचण्याची सोय झाशीच्या बाबतीत आहे. चांद्याच्या बाबतीत ती नाही, आणि हाच या दोन शहरांच्या इतिहासांतील मोठा फरक आहे.

‘माझा प्रवास’ वाचताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती लेखकाच्या दृष्टीचा संकोच. विष्णुभटांना व्यूहरचना कळत नाही. तारखांत त्यांची गफलत होते. ऐकीव गोष्टी व पाहिलेल्या गोष्टी पुष्कळदा एकाच ओघात येतात. इतिहासकाराने याबद्दल त्यांना टोकावे हे रास्तच आहे. पण ज्या संकोचामुळे ते लष्करी बाबतीत अविश्वसनीय ठरतात, त्याच संकोचामुळे घरातल्या बाबतीत ते अत्यंत विश्वसनीय ठरतात. स्नानाला पाणी मिळाले की नाही, जेवण कोणत्या प्रहरी झाले, जवळचे द्रव्य कोठे लपविले व ते कसे गेले, हे एका भिक्षुकाइतके दुसऱ्या कोणास आठवणार? शहर पडल्यानंतरच्या कत्तलीचे व लुटीचे त्यांचे वर्णन भयंकर आहे ते विशेषणांमुळे नव्हे. लूट दिवसागणिक कशी उतरत गेली, मोलाच्या चिजांवरून हलक्यासलक्या वस्तूंपर्यंत ती कशी आली, हे ते एखाद्या हिशेबी माणसाप्रमाणे सांगतात. बाहेरच्या वृत्तान्तात जेथे पूर्णविराम पडतो, तेथून त्यांचे खरे कथन सुरू होते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील आणखी एक भाग महत्त्वाचा आहे. झाशी संस्थानचा ग्रंथसंग्रह मोठा होता व दूरदूरचे विद्वान तेथील पोथ्यांच्या प्रती करून नेत, असे विष्णुभट सांगतात. आणि शहराच्या लुटीत त्या संग्रहाचा कसा विध्वंस झाला हेही सांगतात. गंगाधररावांच्या नाटकाच्या नादाविषयीही त्यांनी लिहिले आहे. म्हणजे एका दरबाराची कला व विद्या यांचा पुष्कळसा ऐवज नाहीसा झाला, आणि त्याच्या अस्तित्वाची बातमी राहिली ती दक्षिणेसाठी आलेल्या एका परगावच्या माणसाच्या आठवणीत. पोथ्या गेल्या, पण त्या गेल्या हे लिहिणारा उरला. दोन हानींमध्ये हा भेद करणे आवश्यक आहे. पहिली हानी वस्तूची. दुसरी हानी त्या वस्तूच्या नाशाच्या आठवणीची, आणि ती पहिलीपेक्षा पूर्णतर असते. कारण काय गेले हेच मागून येणाऱ्यास समजत नाही. चांद्यातील देवळांत, वाड्यांत, व्यापाऱ्यांच्या घरांत 1818 पूर्वी कोणत्या पोथ्या, कोणती दप्तरे, कोणती चित्रे होती, याविषयी अभ्यासकाची जी असहायता आहे ती या दुसऱ्या प्रकारची आहे.

आता ‘माझा प्रवास’ टिकला कसा, हे पाहावे. त्याच्या जपणुकीत राजसत्तेचा हात नव्हता, कोणत्याही मठाचा किंवा संस्थेचा संकल्प नव्हता. एका घरोब्याच्या माणसाने ‘लिहून द्या’ म्हटले आणि दुसऱ्याने लिहून दिले, एवढेच घडले. परंतु ज्याने लिहवून घेतले त्यानेच ते बदललेही. वैद्यांनी 1907 च्या आवृत्तीत भाषा साफसूफ केली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी आपल्या पद्धतीने मांडणी केली. त्यांचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे कारण नाही. परकी सत्ता होती, त्या काळच्या सभ्यतेच्या कल्पना होत्या, आणि गतकालीन लेखन वाचनीय करून देणे हे संपादकाचे कर्तव्यच आहे असा समज त्या पिढीत रूढ होता. तरी वाचकांच्या दोन पिढ्यांनी विष्णुभटांच्या नावाने जे वाचले त्यात वैद्यांचा अंश मिसळलेला होता हे खरे. सुदैवाने वैद्यांनी मूळ हस्तलिखित नष्ट केले नाही. 1922 मध्ये ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिले. तेथील कागदांवरून दत्तो वामन पोतदार यांनी मूळ संहिता सिद्ध करून 1966 मध्ये प्रसिद्ध केली. बदल करणारा आणि बदलापूर्वीचे जपून ठेवणारा एकच गृहस्थ असावा, हा मराठी संपादनाच्या इतिहासातील एक मजेदार योग आहे.

पोतदारांच्या आवृत्तीने काय साधले याची चर्चा पुष्कळदा ‘मूळ पाठ मिळाला’ एवढ्यावरच थांबते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मूळ संहितेतील ओबडधोबडपणा हाच पुराव्याचा भाग आहे, हे तिच्यामुळे दिसून आले. एकाच वाक्यात प्रेते आणि दक्षिणेचे रुपये यांचा उल्लेख यावा, पातकाचा विचार व भुकेचा विचार एकमेकांत गुंतावेत, हे सुसंस्कृत संपादकास खटकते. वेढ्यात सापडलेल्या माणसाचे मन मात्र असेच चालते. ती गुंतागुंत सोडवून टाकली की वाक्य नीटस होते आणि साक्ष दुबळी होते.

या कसोटीवर चांद्याकडे परत येता, साक्ष का नाही, याचा विचार अधिक नेमकेपणाने करता येतो. लिहिणारी माणसे नव्हती असे मुळीच नाही. भोसल्यांचा कारभार मोडीत चाले. सुभ्याच्या ठिकाणी कारकून, फडणीस, देशमुख, देशपांडे, सावकार असे लेखणी धरणारे वर्ग असत. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर जेंकिन्सच्या अमदानीतच तयार झाली. तेव्हा लेखनकला होती, कागद होता, घडलेल्या गोष्टी सांगण्याची बखरीची रीतही होती. उणीव होती ती ‘तुम्ही काय पाहिले ते लिहून द्या’ असे म्हणणाऱ्याची. बखर लिहवून घेणाऱ्याला घराण्याचा वृत्तान्त हवा होता. वेढ्यातल्या घराचा नव्हे.

विचारणारा आला तो फार उशिरा. मेजर लूसी स्मिथ याने चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल 1869 मध्ये सिद्ध केला. जिल्ह्याच्या इतिहासाबद्दल त्याला खरी आस्था होती. गोंड राजांच्या परंपरेतील आख्यायिका व वंशक्रम त्याने गोळा केले, आणि 1909 च्या गॅझेटियरपर्यंत सर्वांनी त्याचाच आधार घेतला. पण 1818 मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस 1869 मध्ये एकाहत्तर वर्षांचा होता. विष्णुभटांच्या आणि त्यांच्या लेखनाच्या मध्ये पाव शतक होते. येथे अर्धे शतक उलटून गेले होते. शिवाय अहवाल इंग्रजीत आणि जमीनमहसुलाच्या कामासाठी लिहिलेला. एखाद्या वृद्धाने आपली आठवण सांगितली असेल तरी ती त्याच्या शब्दांत उतरण्याचा संभव नव्हता. साक्षीच्या इतिहासात ही भाषेची पायरी फार निर्णायक असते. सांगणाऱ्याचे मराठी, तेलुगू किंवा गोंडी बोलणे सरकारी इंग्रजीत गेले की माहिती शिल्लक राहते, आवाज राहत नाही.

दुसरेही एक कारण संभवते. ते अनुमान म्हणूनच येथे मांडले आहे. आठवण टिकण्यासाठी ती कोणाची तरी ‘आपली’ असावी लागते. गोंड राजघराण्याचे राज्य 1751 मध्येच गेले होते. भोसल्यांचा किल्ला पडला याचे दुःख त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपावे असे काही नव्हते. शिबंदी पोटासाठी लढणारी, तीत निरनिराळ्या मुलखांतले लोक. पराभवानंतर ते पांगले. भोसल्यांचे राज्य पुढे 1853 पर्यंत नावापुरते चालले, पण ते इंग्रजांच्या आश्रयाने, व अशा दरबाराला चांद्याच्या प्रतिकाराची आठवण अडचणीचीच होती. राहिले व्यापारी, कोष्टी, कारागीर व देवस्थानांचे लोक. वेढ्याची सर्वांत मोठी झळ त्यांनाच लागली असणार, परंतु त्यांच्या परंपरेत राजकीय कथा सांगण्याची रीत नव्हती. अशा रीतीने शहर सर्वांचे होते आणि वेढा कोणाचाच नव्हता.

याच जिल्ह्यातील एक दुसरी घटना शेजारी ठेवली म्हणजे हे अनुमान थोडे दृढ होते. झाशी पडली त्याच 1858 च्या वसंतात चांद्याच्या दक्षिणेकडील रानात मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी उठाव केला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. 29 एप्रिल रोजी प्राणहितेकाठी चुंचगुंडी येथे तारखात्याच्या दोन इंग्रज कामगारांचा वध झाला. पुढे बाबूराव पकडले गेले, आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. या घटनेचे सरकारी कागद इंग्रजीतच आहेत. पण कागदांच्या बाहेर, आज गडचिरोली व चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत विभागलेल्या प्रदेशात, बाबूरावांची आठवण गोंड समाजाने तोंडी जपली. फासाचा दोर पुनःपुन्हा तुटल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. ऐतिहासिक पुरावा म्हणून ती दोराविषयी काहीच सांगत नाही. ज्यांना निकालपत्रावर अभिप्राय लिहिता येत नव्हता त्यांनी तो निकाल मान्य केला नाही, हे मात्र ती स्पष्टपणे सांगते. 1858 च्या घटनेला सांगणारा समाज मिळाला. 1818 च्या घटनेला मिळाला नाही. चाळीस वर्षांच्या अंतराने, त्याच तटाच्या आसपास घडलेल्या दोन प्रसंगांच्या आठवणीत एवढी तफावत पडावी, हे केवळ लेखनाच्या अभावाने स्पष्ट होत नाही.

साक्ष जाणूनबुजून जपण्याचे उदाहरण पाहावयाचे तर विसाव्या शतकातील वॉर्साकडे जावे लागते. जर्मनांनी भिंत घालून कोंडलेल्या तेथील ज्यू वस्तीत इमान्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने सहकाऱ्यांच्या मदतीने गुप्तपणे रोजनिशा, पत्रे, निबंध, चित्रे, इतकेच नव्हे तर शिधापत्रिका व भित्तिपत्रके जमविली, आणि धातूच्या पेट्यांत व दुधाच्या बरण्यांत घालून ती जमिनीत पुरली. एक भाग 1946 मध्ये सापडला, दुसरा 1950 मध्ये. रिंगेलब्लूम स्वतः 1944 मध्ये मारले गेले. येथे ‘लिहून द्या’ म्हणणारा माणूस वेढ्याच्या आतच होता, हे त्या उद्योगाचे वैशिष्ट्य. आणि मोठ्या लेखनाबरोबर क्षुल्लक कागदही ठेवावेत हे त्याचे तारतम्य आजही संग्राहकांस शिकण्यासारखे आहे. उलटपक्षी ऑगस्ट 1992 मध्ये वेढ्यात असलेल्या सारायेव्हो येथील राष्ट्रीय ग्रंथालय तोफांच्या माऱ्याने जळाले. म्हणजे झाशीतील पोथ्यांची गत विसाव्या शतकाच्या अखेरीसही टळली नाही.

चांद्यापाशी रोजनिशी नाही. पण तट आहे. सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा हा दगडी तट पुष्कळ अंशी उभा आहे, आणि शिल्पाच्या अभ्यासकाने त्याकडे कलाकृती व कागद या दोन्ही नात्यांनी पाहण्यासारखे आहे. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे राजाच्या भाषेत बोलतात. हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह तेथे कोरलेले आहे. भोसल्यांनी ते काढले नाही, इंग्रजांनीही नाही. दोन सत्तांनी पराभूताचे चिन्ह दारावर तसेच राहू दिले, यात औदार्य किती आणि बेपर्वाई किती, हे ठरविणे कठीण आहे. दरवाजांखेरीज पाच खिडक्या आहेत: चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड. ही नावे कोणा राजाने ठेवली असतील असे वाटत नाही. प्रेत कोणत्या वाटेने जाई, देवाला कोणत्या बाजूने जात, बगाडाचा नवस कोठे फेडीत, हे त्या नावांत साठले आहे. तटाच्या आतील लोकांनी स्वतः लिहिलेला म्हणावा असा मजकूर एवढाच, पाच शब्दांचा. आणि वेढा पडला की नेमक्या याच वाटा बंद होतात. लष्करी वृत्तान्तातील दिवस मोजताना या पाच नावांची यादी शेजारी ठेवली, तर त्या दिवसांत शहराला काय काय करता आले नसेल याची निदान रूपरेषा मिळते. अनुमान येथवरच ताणावे. त्यापुढे जाऊन मसण खिडकीपाशी रडणाऱ्या स्त्रिया उभ्या करणे हे कादंबरीकाराचे काम आहे. संशोधकाने ते केले तर वाचकाची फसवणूक होईल.

दगडाच्या साक्षीला आणखी एक मर्यादा आहे. कोरीव काम घडविण्यास आश्रयदाता, द्रव्य व वेळ लागतो. वेढ्यात यांपैकी काहीच नसते. म्हणून चांद्याचे शिल्प वैभवकाळाविषयी बोलते. राणी हिराईने बांधविलेली बीरशहाची समाधी एका विधवेच्या शोकाचे स्मारक आहे, पण तो शोक राजघराण्यातला. लालपेठेतील प्रचंड अपूर्ण मूर्तींपैकी दशमुखी देवीस लोक ‘रावण’ म्हणू लागले; घडविणाऱ्याचा हेतू विसरला गेला की कलाकृतीला बघणाऱ्यांचे नाव चिकटते, याचे हे बोलके उदाहरण. 1818 च्या मे महिन्याचे असे एकही शिल्प नाही. त्या महिन्याचा दगडावरील लेख असलाच तर तो तटाच्या डागडुजीत असेल: जेथे चिरे निराळ्या मापाचे आहेत, सांध्यातील चुना निराळा आहे, अशा जागी. 2017 पासून चंद्रपूरच्या ‘इको-प्रो’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी तटावरील झाडोरा व केरकचरा काढण्याचे मोठे काम केले. झाडीखाली दडलेले बुरूज त्यामुळे पुन्हा दिसू लागले. साफसफाईनंतर दुरुस्ती येते, आणि दुरुस्तीत जुने सांधे नाहीसे होतात. तेव्हा प्रत्येक बुरुजाचे व भिंतीच्या प्रत्येक खणाचे मोजमाप, छायाचित्र व चुन्याचा नमुना दुरुस्तीपूर्वी घेऊन ठेवणे, आणि त्या नोंदी ब्लॅकरप्रभृतींच्या वर्णनाशी ताडून पाहणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका तुकडीस दोन हंगामांत उरकता येईल.

कागदांच्या बाबतीत घाई याहून अधिक आहे. नागपूर, चंद्रपूर, वरोरा, मूल, ब्रह्मपुरी या भागांतील जुन्या घरांतून मोडीचे रुमाल आजही निघतात. ते उघडणाऱ्याचे लक्ष बहुधा सनदा, इनामपत्रे, राजमुद्रा असलेली पत्रे यांकडे असते; किराणा हिशेबाच्या वह्या, देण्याघेण्याच्या याद्या, तीर्थयात्रेच्या खर्चाची टिपणे बाजूला पडतात व वाळवीच्या स्वाधीन होतात. वर सांगितलेला विचार खरा असेल तर हा क्रम उलटा केला पाहिजे. 1818 च्या वैशाखात एखाद्या सावकाराच्या वहीतील रोजची नोंद थांबली असेल, आणि पुढे काही दिवसांनी धान्याचा भाव निराळा लिहून ती पुन्हा सुरू झाली असेल, तर त्या वहीतील कोरी जागा ही वेढ्याच्या आतील साक्ष होय. सनदेत ती सापडणार नाही. वही हाती आली म्हणजे तिची पाने सुटी करू नयेत; कोऱ्या पानांसह, मागील मजकुरासह, ज्या रुमालात ती बांधलेली होती त्यातील इतर कागदांच्या क्रमासह तिची नोंद व्हावी. लिप्यंतर करताना अशुद्ध लेखन सुधारू नये, हिशेबातील चूक दुरुस्त करू नये, घरगुती शब्दाच्या जागी ग्रांथिक शब्द घालू नये. वैद्यांनी जे केले आणि पोतदारांस जे पुढे उलगडावे लागले, त्यामध्ये एकोणसाठ वर्षे गेली. तीही मूळ बाड सुरक्षित राहिले म्हणून. चंद्रपूरच्या एखाद्या वहीचे पहिले लिप्यंतर हेच बहुधा शेवटचे ठरेल, कारण ते झाल्यावर मूळ वही घरी परत जाईल आणि मोडी वाचणारा त्या घरात कोणी नसेल.